ब्रेस्ट लिफ्टनंतर माप खरंच कमी होतं का?

इम्प्लांट न घालता केलेल्या ब्रेस्ट लिफ्टबद्दल, म्हणजे वैद्यकीय भाषेत मॅस्टोपेक्सीबद्दल, आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकींची धास्ती एकच आहे: वर उचलण्याच्या नादात स्तन लहान तर होणार नाहीत ना?

प्रश्न : माझं वय ४१. दोन बाळंतपणांनंतर स्तन बरेच ओघळलेत. ब्रा ३४ सी लागते. इम्प्लांट नको, आहेत तेच वर हवेत. पण मैत्रीण म्हणते, लिफ्ट केलं की एक माप उतरतंच. मला लहान नको आहेत. नेमकं काय होतं?

मैत्रीण अगदीच चुकीचं सांगत नाही, पण तिला वाटतं ते कारण नाही. 'माप' हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. एक म्हणजे स्तनातल्या चरबीचं आणि दुग्धग्रंथींचं आकारमान, जे मिलिलीटरमध्ये मोजता येतं. दुसरं ब्रावरचं अक्षर. निव्वळ लिफ्टमध्ये पहिल्याला जवळजवळ धक्का लागत नाही. दुसरं मात्र बदलू शकतं.

शस्त्रक्रियेत वाढलेली त्वचा काढतात, आतला भाग वर गोळा करून टाक्यांनी बांधतात आणि स्तनाग्र वरच्या नव्या जागी नेतात. स्तनाग्र सुटं काढून पुन्हा चिकटवतात असं अनेकींना वाटतं. नेहमीच्या लिफ्टमध्ये तसं नसतं. ते आतल्या ऊतींच्या एका जाड पट्ट्याला जोडलेलंच राहतं आणि त्याला रक्त त्या पट्ट्यातून मिळतं. शिवणकाम येणाऱ्यांना बाकीचं चटकन कळेल: सपाट कापडाला टक घेतला की कापडाचा पसारा घटतो आणि टकाच्या टोकाशी फुगवटा येतो. ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये मांडलेला, त्वचेवर खुणा करायला आजही वापरला जाणारा नमुना ब्राच्या बेतण्यावरूनच आला आहे.

आता काढलेल्या त्वचेचा हिशेब करू. समजा एका बाजूची १०० चौरस सेंटिमीटर त्वचा गेली आणि तिची जाडी दोन मिलिमीटर होती. आकारमान झालं २० मिलिलीटर, म्हणजे औषधाचे चार छोटे चमचे. स्तनाचं आकारमान ४०० मिलिलीटर धरलं तर ही घट वीसावा हिस्सा. शिवाय स्तनाग्राभोवतीच्या भागात बऱ्याचदा त्वचेचा फक्त वरचा पापुद्रा काढतात आणि खालचा थर आतच ठेवतात.

मग ब्राचं अक्षर का उतरतं? ओघळलेला स्तन ब्रामध्ये घालताना आपण तो खालून आणि बगलेकडून गोळा करून कपात बसवतो. सैल त्वचेच्या घड्याही कपात जागा खातात. लिफ्टनंतर तळ अरुंद होतो, घड्या जातात, सगळा ऐवज घट्ट आणि आटोपशीर होतो, आणि जुना कप वरच्या कडेला पोकळ वाटायला लागतो. म्हणून काहींचं माप तेच राहतं, तर अनेकींचं अर्धा ते एक कप खाली येतं. ब्राचा आकडा, तुमच्या बाबतीत ३४, मात्र हलत नाही, कारण तो छातीच्या पिंजऱ्याचा असतो. आरशात कित्येकींना स्तन उलट मोठे वाटतात, कारण आधी पोटाकडे झुकलेला भाग आता पुढे आलेला असतो.

ब्राच्या अक्षराला फार किंमत देऊ नका. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्ही कपांचं आकारमान जवळपास सारखंच असतं, आणि दोन कंपन्यांची ३४ सी एकसारखी निघेलच असं नाही. आधी-नंतरची तुलना करायची असेल तर कमरेतून वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, स्तन मोकळे लोंबू देऊन सर्वांत भरलेल्या जागी टेप फिरवा. दुसरं माप स्तनांच्या लगेच खाली घ्या. ताठ उभं राहून घेतलेलं माप ओघळलेल्या स्तनांच्या बाबतीत फसवं येतं, टेप भरलेला भाग सोडून भलतीकडूनच जातो. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात मोजा. पाळीपूर्वी स्तन सुजतात आणि तो फरकसुद्धा टेपवर दिसतो.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'माप कमी होईल का' हा नाही. 'आतल्या ऊती काढणार आहात का, आणि काढल्या तर दर बाजूला किती ग्रॅम?' असं विचारा. उत्तर 'काढणार नाही' असेल तर संमतिपत्रावर तसं लिहून घ्या.

प्रश्न : मला ऊती काढणार नाही असं सांगितलं होतं. डिस्चार्जच्या कागदावर उजवीकडून ६५ ग्रॅम आणि डावीकडून ४० ग्रॅम काढल्याची नोंद आहे. मला फसवलं का?

नुसत्या त्वचेचं वजन वरच्या हिशेबाप्रमाणे वीस-तीस ग्रॅम भरतं. त्वचा बरीच सैल असेल आणि तिच्या आतल्या बाजूला चरबीचा थर चिकटून आला असेल तर त्याहून जास्त. ४० ग्रॅम त्यात सहज बसू शकतात. ६५ ग्रॅममध्ये बहुधा थोड्या ऊतीही असाव्यात.

दोन बाजूंचा आकडा वेगळा आहे, यातच कदाचित खुलासा आहे. बहुतेक स्त्रियांचा एक स्तन थोडा मोठा असतो आणि लिफ्ट करताना मोठ्या बाजूचा तळ थोडा छाटून बरोबरी साधतात. दुसरं कारण तांत्रिक असतं. स्तनाच्या तळाशी जड भाग तसाच ठेवला तर तो टाक्यांवर सतत भार देतो आणि काही वर्षांत स्तन पुन्हा खाली बसतो, म्हणून काही सर्जन तिथला थोडा भाग काढतात. वैद्यकीयदृष्ट्या दोन्ही कारणं रास्त आहेत. पण ती आधी सांगायला हवी होती, आणि तुम्हाला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मागून घ्या. काढलेला भाग तपासणीला पाठवला असेल तर पॅथॉलॉजीच्या अहवालात त्यात त्वचा किती आणि ग्रंथी किती हे लिहिलेलं असतं. तो अहवाल जपून ठेवा.

प्रश्न : लिफ्टनंतर स्तनाचा वरचा भाग भरलेला, गोलसर दिसेल का? मला तसाच हवा आहे, पण इम्प्लांटशिवाय.

थोडा, आणि तोही पहिले काही महिने. हे आधीच स्पष्ट बोललेलं बरं, कारण लिफ्टनंतरची नाराजी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ब्रा घातल्यावर वरच्या बाजूला जो उठाव दिसतो तो ब्राच्या दाबाचा असतो. नैसर्गिक स्तनाचा वरचा उतार सरळ किंवा किंचित खोलगट असतो, आणि लिफ्टनंतर सूज ओसरली की ऊती त्याच उताराकडे परततात.

सर्जनच्या हातात दोन युक्त्या असतात. पहिलीत तळाकडच्या ऊती फेकून न देता त्यांचा पट्टा करतात, तो रक्तपुरवठ्यासकट वर सरकवतात आणि छातीच्या स्नायूवरच्या आवरणाला टाक्यांनी अडकवतात. याला ऑटो-ऑगमेंटेशन म्हणतात. नाव ऐकून वाढ होणार असं वाटतं, पण एक मिलिलीटरही वाढत नाही. खालचं वर जातं, इतकंच. तळाशी पुरेसा ऐवज असेल तरच त्याचा उपयोग. स्तन अगदी रिकामे झाले असतील तर सरकवायला काही उरलेलंच नसतं.

दुसरी युक्ती चरबीची. पोट किंवा मांडीतून लायपोसक्शनने काढलेली चरबी गाळून, साफ करून, बारीक नळीने स्तनाच्या वरच्या भागात थेंबाथेंबाने सोडतात. घातलेली सगळी चरबी जगत नाही. साधारण अर्धी ते दोन तृतीयांश टिकते, बाकीची शरीर शोषून घेतं. म्हणजे १५० मिलिलीटर घातली तर हाती ७५ ते १०० मिलिलीटर. एकाच जागी गठ्ठ्याने घातली तर मधल्या पेशींपर्यंत रक्त पोचत नाही, त्या मरतात आणि तिथे तेलाची पिशवी किंवा कडक गाठ होते. अशा जागी पुढे मॅमोग्राममध्ये कॅल्शियमचे ठिपके दिसू शकतात, म्हणून चरबी भरल्याचं तपासणाऱ्याला दर वेळी सांगायचं. काही सर्जन लिफ्टसोबतच चरबी घालतात, काही सहा महिन्यांनी. रक्तपुरवठा नाजूक असेल तर थांबणंच शहाणपणाचं.

एक कपाहून जास्त वाढ हवी असेल, तर लिफ्ट हा तुमच्या प्रश्नाचा उपाय नाही.

प्रश्न : व्रण कमीत कमी हवेत. फक्त स्तनाग्राच्या कडेने गोल छेद देऊन काम भागेल का?

स्तन किती ओघळलाय यावर ते ठरतं. घरी पाहायचं असेल तर ब्राशिवाय आरशासमोर बाजूने उभ्या राहा आणि स्तनाग्र आणि स्तनाखालची घडी यांची पातळी पाहा. स्तनाग्र घडीच्या पातळीवर असेल तर पहिली श्रेणी. घडीच्या खाली गेलं, पण स्तनाच्या सर्वांत खालच्या टोकापेक्षा वर असेल तर दुसरी. अगदी टोकाला जाऊन जमिनीकडे पाहत असेल तर तिसरी. स्तनाग्र घडीच्या वरच, पण स्तनाचा खालचा भाग तेवढा लोंबतोय, असंही असतं. त्याला खोटं ओघळणं म्हणतात आणि तिथे स्तनाग्र हलवायची फारशी गरज नसते.

गोल छेद पहिल्या श्रेणीला आणि फार तर दोनेक सेंटिमीटर उचलायचं असेल तेव्हा शोभतो. त्याहून जास्त काम त्याच्यावर लादलं की तो दोन प्रकारे सूड घेतो. सगळा ताण वर्तुळाच्या कडेवर येऊन स्तनाग्राभोवतीचा गडद भाग हळूहळू पसरतो, कडेला चुण्या राहतात. आणि नाडी ओढलेल्या पिशवीसारखा स्तन समोरून चपटा होतो, म्हणजे आकारमान तेच असून तो लहान दिसतो. माप टिकवायचं असलेल्या बाईने नेमका हा छेद हट्टाने मागावा, हे उफराटं आहे. गडद वर्तुळाचा व्यास सहसा ३८ ते ४५ मिलिमीटर ठेवतात आणि ताण पेलायला कडेने न विरघळणारा टाका फिरवतात, तरी पसरण्याचा धोका पूर्ण जात नाही.

दुसऱ्या श्रेणीला गोल छेदासोबत खाली घडीपर्यंत उभी रेघ लागते. तळ अरुंद होऊन स्तन पुढे येतो तो या उभ्या रेषेमुळेच. तिसऱ्या श्रेणीला किंवा त्वचा फारच जास्त असेल तर घडीतून आडवा छेदही जोडतात, एकूण आकार जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. उभा व्रण पहिले काही महिने लाल आणि टणक असतो, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आडवा व्रण घडीत दडतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. स्तन खूप वर, चौकोनी आणि मोठे दिसताहेत. पहिल्यापेक्षा मोठे! असंच राहणार का?

नाही. यातला बराच भाग सुजेचा आहे. तळ मुद्दाम घट्ट शिवलेला असतो, कारण तो सैलावणार हे गृहीत धरलेलं असतं. सहा आठवड्यांत बरीचशी सूज उतरते, तीन महिन्यांत तळ गोलसर होतो, सहा महिन्यांनी जे दिसेल ते बहुतांशी कायमचं. आता खूष होऊन मोठ्या मापाच्या ब्रा घेऊन ठेवू नका, आणि तीन महिन्यांनी 'कमी झाले' म्हणून घाबरूही नका.

तोवर समोरून उघडणारी, तारेविना, मऊ पण पकड असलेली ब्रा चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घाला. झोप पाठीवर. दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. तारेची ब्रा तीन महिन्यांनंतर, कारण तार नेमकी घडीतल्या ताज्या व्रणावर टेकते. तोवर व्रण भरलेला दिसला तरी घाई नको.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वीचे ३०० मिलिलीटरचे इम्प्लांट काढून नुसतं लिफ्ट करायचं आहे. माझं मूळ माप परत येईल का?

३०० मिलिलीटर जाणार, हे उघड आहे. पण मूळ स्तनही बारा वर्षांपूर्वीसारखा उरलेला नसतो. इम्प्लांटच्या सततच्या दाबाने त्यावरच्या ऊती पातळ होतात, त्वचा ताणली जाते, आणि मधल्या काळात वय आणि वजनही बदललेलं असतं. म्हणून अनेकींना मूळ मापापेक्षा कमी भरल्यासारखं वाटतं. दाब गेल्यावर काही आठवड्यांत ऊती थोड्या फुगतात, त्यामुळे काढल्या दिवसाच्या रूपावरून निष्कर्ष काढू नका.

यात खरी काळजी रक्तपुरवठ्याची असते. इम्प्लांट ग्रंथीच्या मागे असेल तर स्तनाग्राला रक्त नेणाऱ्या पट्ट्यातला काही पुरवठा आधीच तुटलेला असतो. त्यात लिफ्टचे छेद आले की धोका वाढतो. सर्जनने 'आधी काढू, काही महिन्यांनी लिफ्ट करू' असं सुचवलं तर त्यामागचं कारण हे असतं. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद, विशेषतः छेद कुठे दिला आणि इम्प्लांट स्नायूच्या पुढे की मागे, हे शोधून घेऊन जा.

प्रश्न : मला अजून १२ किलो वजन कमी करायचं आहे आणि कदाचित एक मूलही हवं आहे. आधी लिफ्ट करून घेऊ का?

नको. इथे लिफ्टपेक्षा वजन जास्त माप बदलेल. स्तनात चरबीचं प्रमाण जास्त असेल तर १२ किलोंत कप उतरेल, आणि नव्याने शिवलेली त्वचा पुन्हा सैल होईल. वजन किमान तीन ते सहा महिने एका जागी स्थिर राहू द्या. स्तनपान संपल्यावरही तितकंच थांबा, म्हणजे ग्रंथी पूर्ण ओसरतात आणि सर्जनला खरं आकारमान दिसतं.

लिफ्टनंतर गरोदर राहता येत नाही असं नाही. स्तनाग्र ग्रंथीला जोडलेलं राहत असल्याने पुष्कळ जणी दूध पाजू शकतात, फक्त दूध पुरेसं येईल याची हमी कुणी देऊ नये आणि कुणी दिली तर विश्वास ठेवू नये. जाता जाता: बाळाला पाजल्याने स्तन ओघळतात हा समज खोटा आहे. ओघळण्याला गरोदरपणातली वाढ-घट, वय, वजनातले चढउतार आणि धूम्रपान कारणीभूत असतं.

प्रश्न : मी दिवसाला चार-पाचच सिगारेटी ओढते. एवढ्याने काय होतं?

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. स्तनाग्राला रक्त पुरवणारा, वर सांगितलेला पट्टा याच वाहिन्यांवर जगतो. परिणाम म्हणजे जखम उसवते, विशेषतः उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात त्या सांध्याशी, आतली चरबी मरून गाठी होतात, आणि क्वचित स्तनाग्राचा काही भाग काळा पडून गळतो. असा भाग गेला की आकारही जातो. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटीनची चिकटपट्टी, च्युइंगगम आणि व्हेपसुद्धा त्यातच धरा. लपवून शस्त्रक्रिया करून घेण्यापेक्षा तारीख पुढे ढकला.

प्रश्न : शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राम लागतो का? आणि घरी आल्यावर कशाला घाबरायचं, कशाला नाही?

चाळिशी उलटली असेल किंवा घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर आधी मॅमोग्राम करतात. नंतरचा पहिला बहुधा सहा महिने ते वर्षभराने, म्हणजे आतले व्रण स्थिरावलेले असतात आणि पुढच्या तपासण्यांना तुलनेसाठी तो पाया ठरतो. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई यांपैकी काही चालू असेल तर आधीच्या भेटीतच सांगा, रक्त पातळ करणाऱ्या गोष्टी साधारण एक ते दोन आठवडे आधी थांबवतात. हृदयासाठी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

घरी आल्यावर दोन्ही बाजू सुजणं, निळसर पडणं, स्तनाग्र बधिर किंवा अतिसंवेदनशील होणं, मधूनच विजेसारखी चमक येणं, हे चालतं. संवेदना बहुतेकींना काही आठवडे ते महिन्यांत परतते, काहींना कायमची कमी राहते. दोन छेदांच्या सांध्याच्या जागी नखाएवढी जखम उघडली तर ती सहसा ड्रेसिंगने भरते, पण दाखवून घ्या.

दोन स्तनांत एकाएकी फरक पडला तर मात्र थांबू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू झपाट्याने फुगली, टणक झाली आणि दुखू लागली, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. ते तासाभरात बघायला हवं, मध्यरात्र असली तरी. स्तनाग्र पांढरंफटक किंवा जांभळट-काळं पडणं, ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू, यांनाही तीच घाई. आणि एका पोटरीत दुखून सूज आली किंवा श्वास लागला, तर सर्जनच्या फोनची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं.